एलिसेओच्या नावाची अळंबी

रात्रभर समुद्राकडून वर सरकलेलं धुकं सकाळी आमच्या आळीत येऊन बसलं होतं. हाकलल्याशिवाय उठणार नाही, असं बसलं होतं. पाऊस नव्हता, तरी पत्र्यांवरून थेंब गळत होते. आमच्या चिलीत ऑक्टोबर म्हणजे वसंत, आणि नाहुएलबुताच्या डोंगरात तो असाच ओला जातो.

नोल्फा मारिलेओ चुलीतली राख बादलीत ओढत होती. राख काढायची, वाळकी लाकडं रचायची, कोंबड्यांना मका टाकायचा, आईच्या हातात माते, म्हणजे कडवट पाल्याचा गरम चहा, भरलेला भोपळा द्यायचा, मगच आपली वेणी घालायची. शाळा असो नसो, तिचा हा क्रम चुकत नसे. आज रविवार होता. तरीही तिने डोंगरात जायचे रबरी बूट चढवले होते आणि ते आईपासून लपत नव्हते. आईच्या, दोमितिलाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, पण कान मांजराचे.

"बूट वाजतायत तुझे. कुटं निघालीस?"

"ओनोफ्रेकाकांबरोबर जाऊन येते जरा. शाळेतल्या पोरांना दाखवायला पानं आणायचीत."

"पानं तोडायला ओनोफ्रे कशाला लागतोय? पानं काय पळून जात्यात?"

"आई, माते गार होतोय."

"होऊ दे. खोटं बोलताना तुझा आवाज नाकात जातो. ल्हान होतीस तवापास्नं."

नोल्फा हसली, पण पुढं बोलली नाही. बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं आमच्या गावात आजही म्हणतात. पण कुठल्या झाडाकडे निघालोय ते आईला सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

नोल्फाबाई म्हणजे आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या बाई. लग्न केलं नाही. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आणि बेडकाचं पोट उघडताना निम्मी तिथंच आडवी झाली. त्यांना एक धाकटा भाऊ होता, एलिसेओ. वसंतात दिग्वेन्ये गोळा करायची आणि अंगोलच्या बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. दिग्वेन्ये म्हणजे आमच्याकडच्या रोब्ले झाडांच्या गाठींवर येणारी अळंबी. फिकट नारिंगी, अक्रोडाएवढे गोळे, पिकले की अंगभर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून कच्चीच खातात.

नोल्फा कॉलेजात शिकत होती तेव्हा एका वसंतात एलिसेओ घरी फांदी घेऊन आला. "ताई, ही बघ, गोळे हायत पण भोकं न्हाईत. बाजारात घेऊन गेलो तर लोक म्हणत्यात, मुक्यांची अळंबी आणलीस व्हय." नोल्फाने ती फांदी बसने शहरात नेली, आपल्या प्रोफेसर वेन्सेस्लाओ रिफ्फोंकडे. म्हातारा अळंब्यांचा वेडा होता. त्यांनी गोळा कापला, काचेवर घेतला, आणि त्या दिवशीचे सगळे तास रद्द केले. ज्या बुरशा आपले बीजाणू बारक्या पिशव्यांत वाढवतात त्यांच्यातलीच ही, दिग्वेन्येची लांबची सोयरी. पण दिग्वेन्येच्या पिशव्या भोकांत उघड्यावर असतात, हिच्या आतच कोंडलेल्या. ही नवी नुसती जात नाही, म्हातारा म्हणाला, ही अख्खी नवी प्रजाती आहे, वेगळं घराणं. एकच अडचण होती. गोळे कच्चे होते. कच्च्या दिग्वेन्येलाही भोकं नसतात. बीजाणू पिकलेत आणि तरी तोंड बंद आहे, असा एक गोळा हवा.

नोल्फाने भावाला निरोप दिला. पुढच्या वसंतात एलिसेओ पक्का गोळा आणायला त्याच झाडावर चढला. पाऊस पडून गेला होता, साल शेवाळलेली होती. खाली ओनोफ्रे उभा होता, त्याच्याच वयाचा, त्याच्याच धंद्यातला. आता शाळेतली पोरं त्याला काका म्हणतात, म्हणून नोल्फाही म्हणते. तो त्या दिवसाबद्दल एवढंच सांगतो, की पडताना एलिसेओ ओरडला नाही.

प्रोफेसरांनी कच्च्या गोळ्यांवरच लेख छापला आणि प्रजातीला मुलाचं नाव दिलं, एलिसेओमायसेस. लॅटिनात छापलेलं ते पान नोल्फाने आईला वाचून दाखवलं, तेव्हा दोमितिलाबाई पीठ मळत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं." आणि मळत राहिल्या.

तेव्हापासून दर वसंतात नोल्फा ते गोळे शोधत आली. डोंगर पाईनवाल्या कंपन्यांनी पाईनच्या रांगांनी भरून टाकला, रोब्ले उरले ते ओढ्यांच्या घळींत, जिथं ट्रॅक्टर उतरत नाही. एखाद्या साली त्याच झाडावर दोनचार गोळे दिसत, कच्चे. पिकेपर्यंत पोपटांचे थवे चोची मारून ते संपवत. प्रोफेसर रिफ्फो वारले. शहरातल्या पेटीत ते जुने वाळके गोळे उरले, सुपारीसारखे.

यंदा फ्रान्समध्ये काम करणाऱ्या एका चिलियन बाईंनी, डॉक्टर ओव्हायेंनी, या सबंध कुळाची नव्याने मांडणी करायला घेतली होती. त्यांनी नोल्फाला फोनवर स्वतः सांगितलं. आवाज गोड, माणूस सरळ.

"नोल्फाबाई, जुन्या नमुन्यातून जनुकं निघत नाहीत. जे दिसतंय त्यावरून हे कच्चे दिग्वेन्येच वाटतात. मला ही प्रजाती मोडावी लागेल, दिग्वेन्येच्या प्रजातीत टाकावी लागेल."

"आणि नाव?"

"बाद नावांत जाईल."

"मला पक्का गोळा मिळाला तर?"

"तर मी आनंदाने चूक कबूल करेन. पण ताजा हवा, अख्खा हवा. आणि या महिनाअखेर माझं काम छापायला जाईल."

आणि त्या आठवड्यात ओनोफ्रे शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून. "बाई, त्या झाडावर हायत. वरच्या गाठीवर, तीन. शेजारची दिग्वेन्ये फुटून वाळाया लागल्यात, आन् हे अजून तोंड मिटून बसल्यात."

त्या दोघांनी घळीत उतरायला धरलेली वाट पाईनच्या मधून जाते. खाली पाचोळ्याचा आवाजही होत नाही, सुयाच सुया. ओनोफ्रेच्या खांद्यावर वेळूची लांब आकडी, नोल्फाच्या गळ्यात दोरखंड. घळीत उतरल्यावर तो म्हातारा रोब्ले समोर आला तेव्हा नोल्फाने वर पाहिलंच नाही, आधी खाली, मुळांशी पाहिलं. तिथं नुसती नेची उगवली होती.

मग तिने दुर्बीण लावली. तीन गोळे. गच्च, मळकट पिवळे, कातडीवर एकही भोक नाही. शेजारच्याच फांदीवर दिग्वेन्येची रिकामी पोळी लोंबत होती.

"आकडीनं ओढू?"

"नको. पडून फुटतील."

"मग चढाया लागतंय." ओनोफ्रेने आकडी खाली ठेवली. "चढतो की. माझी काय बायको रडणार हाय? ती तर म्हणंल, सुटली."

"काका, थांबा. तुम्ही नका. मी..."

"तुमी? बाई, तुमी स्टुलावर चढला की वर्गातली पोरं देवाचं नाव घेत्यात."

तो चढला. साठीला टेकलेला माणूस, दोर कमरेला, झाडाला छातीने चिकटून, एकेक इंच. नोल्फा दोराचं दुसरं टोक धरून खाली उभी होती. वरून तो ओरडला:

"हात पोचत न्हाई गोळ्यांना. फांदी तोडू का? पर बाई, गाठ हिच्यावरच हाय. गाठ गेली की ह्या झाडावर पुन्हा हे यायचे न्हाईत. आन् दुसरीकडं कुटं म्या ह्ये बघितलेलं न्हाई."

तिला हे कळत होतं. आयुष्यभर मुलांना शिकवत आली होती, साधी अळंबी घेतानासुद्धा तिचं मूळ जागेवर ठेवावं. महिनाअखेर जवळ आली होती.

"बाई! हात भरून आलेत!"

"तोडा," ती म्हणाली.

फांदी दोराला बांधून खाली आली, पाळण्यासारखी डुलत. तिन्ही गोळे शाबूत. नोल्फाने फोटो काढले, गोळे ओल्या शेवाळात गुंडाळले आणि ओनोफ्रेने खिशातून पावाची कागदी पिशवी काढून दिली. आमच्याकडे दिग्वेन्ये त्याच पिशव्यांतून विकतात. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून ती सडतात, कागदात टिकतात. तो खाली उतरला आणि मुळांवर बसून राहिला, बराच वेळ. नोल्फाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

सूक्ष्मदर्शक शाळेत होता आणि शाळेची किल्ली शिपायाकडे. नोल्फाने घरी येऊन पिशवी फ्रिजच्या खालच्या खणात ठेवली, वर पालेभाजीची जुडी झाकली. आईने हात लावला तर कुठल्या झाडावरचे म्हणून विचारेल, हीच एक भीती. फांदी लाकडांच्या खोपटात टाकली. आई शेजारणीकडे गेली होती, ते बरंच झालं.

शिपाई चर्चमध्ये नव्हता, घरी नव्हता, फुटबॉलच्या मैदानावर होता. आमच्या गावचा संघ हरत होता आणि शिपाई गोलकीपर होता.

"बाई, किल्ली घरात हाय. मध्यांतर होऊ द्या."

"मला आत्ता हवी आहे रे."

"आत्ता गोल सोडून गेलो तर गावकरी शाळेला किल्लीच नको म्हणतील, शाळाच जाळतील."

ती चिखलात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आनंद झाल्यासारखं वाटत होतं. दोन पोरं तिच्याकडे बघून कुजबुजली, कारण बाई मैदानाच्या कडेला एकट्याच हसत होत्या.

ती किल्ली घेऊन घरी पोचली तेव्हा दुपार वर आली होती. स्वयंपाकघरातून कोथिंबिरीचा वास आला. टेबलापाशी ओनोफ्रे बसलेला, समोर ताट. तो राहिलेला दोर परत द्यायला आला होता आणि दिग्वेन्येवाला माणूस दारात आला की त्याला दिग्वेन्येच खाऊ घालून पाठवायचं, ही आमची रीत. मोसमभर तो सगळ्या गावाला चारतो. वसंतात एकदा तरी गावाने त्याला चारावं. तो उपाशी गेला तर पुढच्या साली झाडं रुसतात. दोमितिलाबाई ही रीत मोडणाऱ्या बाई नव्हेत. सकाळी शेजारणीकडून त्यांनी पाव किलो आणली होती, मोठ्या परातीत कांद्याबरोबर कालवून ठेवली होती.

"आलीस? बस. तोंड उघड." त्यांनी काटा नोल्फाच्या ओठांपाशी आणला, लहानपणी आणत तसा.

तिने तोंड उघडलं. ती भुकेली होती आणि खूश होती.

दिग्वेन्ये जिभेवर ठेवलं की लुसलुशीत, थोडं चिकट, थोडं गोडसर लागतं, दातांना काम पडत नाही. पहिला घास तसाच लागला. दुसऱ्या घासात काहीतरी दाताखाली करकरलं. गोड नव्हतं. कोवळ्या काजूच्या सालीसारखं तुरट होतं.

"यंदा जरा कडक हायत," ओनोफ्रे तोंड भरून म्हणाला. "पर मेर्केनचं लाल तिखट टाकलं की चालतंय."

"शेजारणीनं मोजून दिल्ती, पुरत नव्हती," आई म्हणाली. "कोथिंबीर काढाया फ्रिजात हात घातला तर आणखी एक पुडकं. म्या म्हटलं, देवानं ओनोफ्रेपायी धाडलं. बारीक चिरलंय, माझ्या कवळीला झेपंल असं."

नोल्फाने चुलीच्या दांडीकडे पाहिलं. पावाची कागदी पिशवी तिथं नीट घडी घालून वाळत ठेवली होती, पुन्हा वापरायला. हिरवं शेवाळ कांद्याच्या सालपटांत पडलं होतं.

तिने दोन बोटं घशात घातली. तोंडातलं तळहातावर काढलं, आणि तसाच हात पसरून ती उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "थुंका."

"काय?"

"तोंडातलं थुंका! गिळू नका!"

ओनोफ्रे बघतच राहिला. मग त्याची नजर दांडीवरच्या पिशवीवर गेली. ती त्याचीच होती, कोपऱ्यावर बेकरीचा शिक्का. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तोंडातला घास त्याने ताटात सोडला, पण त्याआधी तो चांगले दोन वेळा वाढून घेऊन जेवला होता.

"बाई... म्या खाल्ली."

"इखारी होती व्हय?" दोमितिलाबाई खुर्चीवरून उठल्या. "नोल्फा! बोल की! इख होतं?"

"नाही आई."

"मग कशापायी वरडती?"

नोल्फा तळहातावरचा घास बोटाने पसरून बघत होती. ओनोफ्रेच म्हणाला, खाली बघत, "मावशे, ती एलिसेओची होती. त्याच्या नावाची. त्या झाडावरची."

 आई चाचपडत टेबलाच्या कडेला आली.

"त्या झाडावर कोण चढलं?"

ओनोफ्रेने खुर्ची मागे सरकवली.

"ओनोफ्रे, तू चढलास?" तिने त्याचा दंड चाचपून घट्ट पकडला, जिवंत आहे का बघावं तसा. मग तोंड नोल्फाकडे वळवलं. "एकाला चढवलंस ते पुरं झालं न्हाई तुला?"

नोल्फाला हे वाक्य लागलं, पण ती उभीच राहिली. तिने परात उचलली. "काका, तुमचंही ताट द्या. जे उरलंय ते सगळं."

शाळेच्या प्रयोगशाळेत रविवारी खिडक्या बंद असतात, फॉर्मॅलिनचा वास साचलेला असतो. त्या दोघांनी कांद्याचे तुकडे एका बाजूला, कोथिंबीर दुसऱ्या बाजूला असं निवडायला घेतलं. ओनोफ्रेची बोटं झाडाला घट्ट धरणारी. चिमट्याला ती जुमानत नव्हती. उरलेले तुकडे भाताच्या शितांएवढे. कुठला दिग्वेन्येचा, कुठला एलिसेओचा, कसं सांगावं? सगळ्यांना तेच तेल, तेच लिंबू, तेच लाल तिखट. नोल्फा एकेक तुकडा काचेवर घ्यायची, दाबायची, डोळा लावायची. दिग्वेन्ये. दिग्वेन्ये. कांदा. दिग्वेन्ये.

"दम धरा बाई. हाय म्हंजे हायच कुठंतरी."

"काका, बोलू नका."

आणि मग एक तुकडा आला. एका बाजूला कातडी, गच्च, सलग, भोकाचा पत्ता नाही. आणि कातडीच्या आत, पिशव्या. उभ्या, लांबट, एकीला एक चिकटून. प्रत्येक पिशवीत बीजाणूंची रांग, पिकलेली, धुरकट काळी.

नोल्फाचा डोळा काचेवरून हलेना. कॉलेजातल्या त्या दिवसापासून जे नुसतं मानलं होतं ते समोर होतं. पिकलेलं, आणि तोंड बंद.

"बघा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

ओनोफ्रेने एक डोळा मिटला, दुसराही मिटला, मग एक उघडला. "पावट्याच्या शेंगा दिसत्यात."

"हो. तेच."

"म्हंजे झालं काम! पाठवून द्या." तिचं तोंड बघून तो थांबला. "का?"

"मोठ्या गोळ्याचा हा एवढासा तुकडा. आईने विळीने भोक असलेलाच भाग बाजूला केला नसेल कशावरून? हा दिग्वेन्येचा, भोकं फुटायच्या आधीचा तुकडा नसेल कशावरून? फोटोत नुसती कातडी दिसते, आत पिकलंय की नाही ते दिसत नाही. अख्खा गोळा पाहिजे होता. अख्खा, कुठून आणला ते लिहिलेला, पेटीत कायमचा ठेवायचा. बाकीच्यांनी बघायला."

"मग ल्ह्या की, अख्खा व्हता. कांद्याचं कोण सांगायला जातंय त्या फ्रान्सच्या बाईला? म्या तर न्हाई. तुमची आई तर न्हाईच."

 तिला तो मोह नव्हता असं कुणी समजू नये. पाकिटावर चार शब्द लिहायचे होते, बस. तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग तिने पाकिटावर झाडाचं नाव लिहिलं, घळीचं लिहिलं, आणि खाली खरं ते लिहिलं: कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि मेर्केन यांच्यात सापडलेला तुकडा, दिग्वेन्येच्या मिश्रणातून वेगळा काढलेला. ओनोफ्रेने ते वाचून घेतलं आणि डोकं धरलं.

"कोण घेईल ह्ये? हॉटेलचं बिल वाटतंय."

तरीही तिने पाठवलं. खोपटातल्या फांदीची गाठही सोबत पाठवली, लाकडात बुरशीचे धागे असतील म्हणून. डॉक्टर ओव्हायेंना सगळं जसं घडलं तसं फोनवर सांगितलं. त्या आधी हसल्या, मग रडल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, काम छापायला जरा उशिरा पाठवीन, तपास आधी करते.

ते दिवस नोल्फाने कसे काढले ते आम्ही पाहिलं. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून त्या खिडकीबाहेर बघत. घळीत तर रोज जात. रोब्लेच्या प्रत्येक फांदीवरून दुर्बीण फिरवत, तोडलेल्या जागी येऊन थांबत. तिथं झाडाने डिंकासारखा रस सोडला होता. ओनोफ्रे दारू न पिता घळीघळींतून हिंडत होता, आणि त्याची बायको लोकांना सांगत होती की याला काहीतरी झालंय, औषध द्या. एके दिवशी तो एक पिशवी भरून दिग्वेन्ये घेऊन आला, प्रत्येक गोळा तपासून झालेला, प्रत्येकाला भोकं.

घरात दोघी मायलेकी मोजकंच बोलत. माते गार आहे. लाकूड ओलं आहे. बाकी काही नाही.

नोव्हेंबरात फोनवर उत्तर आलं. गाठीत दिग्वेन्येचीच जनुकं निघाली. डॉक्टर ओव्हायेंनी समजावून सांगितलं, त्या झाडाच्या अंगात दिग्वेन्ये मुरलेली आहे, गाठीगाठीत असणारच. आणि तुकड्यातही दिग्वेन्येच निघाली.

"ते परातीतलं पाणी लागलेलं असेल," नोल्फा म्हणाली.

"असेल. किंवा तुकडाच दिग्वेन्येचा असेल. मला सांगता येत नाही. तुम्हालाही येणार नाही."

"मी पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत यावर माझा विश्वास आहे, नोल्फाबाई. पण माझा विश्वास छापता येत नाही."

नोल्फाने आभार मानले, फोन ठेवला आणि ओट्याच्या कडेला धरून उभी राहिली. सगळ्यांत वाईट हे की त्या बाईशी भांडायलाही जागा नव्हती. आणि त्याहून वाईट हे की आता तिला स्वतःलाही शंका खाऊ लागली. काचेखाली जे दिसलं ते दिसलं होतं, की आयुष्यभर दिसावंसं वाटत होतं म्हणून दिसलं? ज्या गाठीवर पुन्हा गोळे येऊन उत्तर मिळालं असतं ती तिने स्वतःच्या तोंडाने तोडायला सांगितली होती, आणि जे उत्तर हातात आलं होतं त्याचे दोन घास तिनेच खाल्ले होते.

"काय म्हणाली?" आई दाराशी उभी होती.

"गेलं. प्रजाती मोडली. दिग्वेन्येत घातली."

"आन् त्याचं नाव?"

"बाद नावांत. बारीक अक्षरात, तळाला."

दोमितिलाबाई टेबलापाशी येऊन बसल्या. मोतीबिंदूचे डोळे भिंतीकडे. "त्याचं नाव म्या ठेवलं. पाळण्यात. त्या फ्रान्सच्या बाईनं न्हाई, अन् त्या म्हाताऱ्या प्रोफेसरनं बी न्हाई. त्येंच्यानं कसं मोडंल?"

"आई, तू गेल्यावर, मी गेल्यावर, ते नाव घेणार कोण? मला पोर नाही. त्याला नाही. आपल्यामागे कुणी नाही. तिथं तरी राहिलं असतं. कुणीतरी, कुठल्यातरी देशातल्या पोरानं, एकदा तरी मोठ्यानं वाचलं असतं."

  म्हातारी टेबलावरून हात फिरवत राहिली, जसं काही सांडलंय आणि पुसायचंय.

"म्या त्याला चिरलं," ती शेवटी म्हणाली. "बारीक. कवळीला झेपंल असं."

"तुला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही."

"का न्हाई सांगितलंस गं?"

"झाडाचं नाव काढलं तर तुला त्रास होईल म्हणून."

"मला?" आई म्हणाली. "मला रोजच त्रास होतोय की. त्यात तू आणखी काय घालणार होतीस?"

नोल्फा तिच्या पायाशी बसली, जमिनीवर, डोकं आईच्या मांडीवर टाकून. आईने केसांतून बोटं फिरवली. ती कोरडी, खरबरीत बोटं मध्येच थांबत आणि पुन्हा फिरत. बाहेर ओंडक्यांचा ट्रक घाटात गिअर बदलत गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"उठ," थोड्या वेळाने आई म्हणाली. "शेजारणीनं मटार दिल्यात पोतंभर. आजच सोलले न्हाईत तर शेंगा पिवळ्या पडतील."

नोल्फा उठली, डोळे बाहीने पुसले. पोतं दारातून ओढत आणलं, दोघींच्या मध्ये घमेलं ठेवलं आणि पहिली शेंग फोडली.